झाडणीच्या तांदळाचा डबा

तो पत्र्याचा डबा आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तेलाचा पंधरा किलोचा जुना डबा, एका कोपऱ्यात चेपलेला, झाकण कधीच नीट न बसणारा. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दरेकशाच्या जंगलात बंदोबस्तासाठी आठवडेच्या आठवडे काढले. त्यातले काही मला झोपेतून उठवत नाही. हा डबा उठवतो. मित्रमंडळींना हे सांगितले की हसतात. म्हणतात, साहेब, तुमचे आता वय झाले. झाले असेल. पण वयाचा आणि डब्याचा काही संबंध नाही.

मी मूळचा खानदेशातला, भाकरी खाणारा माणूस. बदली होऊन गोंदिया जिल्ह्यात आलो तेव्हा भात आणि तांदूळ यांच्याविषयीचे माझे ज्ञान ताटापुरतेच होते. महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. त्याच सुमारास केंद्र सरकारने पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. देशात तांदूळ महाग होत चालला होता, तो बाहेर जाऊ नये, इथल्या लोकांना परवडावा, असा त्यामागचा हेतू. बंदी पांढऱ्याला होती, उसन्याला नव्हती. शुल्क भरले की उसना बाहेर पाठवता येत असे.

हा फरक इथे सांगून टाकतो, कारण सगळे प्रकरण त्यावरच उभे आहे. धान तसाच सडून, म्हणजे टरफल काढून, निघतो तो अरवा, म्हणजे पांढरा तांदूळ. या भागात घरोघरी तोच शिजतो. धान आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला की होतो उसना. त्याचा रंग पिवळसर, वास वेगळा, आणि भात मोकळा होतो. परदेशात त्याला मोठी मागणी असते. आमच्या हद्दीतल्या एका राईस मिलमध्ये दोन्ही निघत.

बंदी आल्यावर काही आठवड्यांत आमच्या घरी आनंद झाला. बायको किराणा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, तांदूळ उतरला बरं का! सरकारने एक तरी काम चांगलं केलं." मी ठाण्यात सहज हे बोललो, तर आमचे हवालदार फणफणले. ते इथलेच, धान पिकवणाऱ्या घरातले. सेवा माझ्याहून जास्त आणि तोंडही माझ्याहून मोठे.

"बाईसाहेबांले उतरला जी," ते म्हणाले. "आमचा धान बी उतरला ना मंग. व्यापारी दारातच येऊन नाही राहिले. बाहेर माल जात होता तवा हाता-पाया पडत होते."

"मग काय लोकांनी महाग खायचा?" मी म्हणालो.

"मी कुठं म्हनलं? खा ना स्वस्त. पन कोनाच्या जीवावर खाता, तेवढं ध्यानात ठेवा."

मी म्हणालो, हवालदार, तुम्ही पुढच्या निवडणुकीला उभे राहा. सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

खबर आली ती भर दुपारी, ठाण्याच्या फोनवर. आवाज पुरुषाचा, हिंदी-मराठी मिसळलेला. कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर ट्रक उभा आहे, कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, उसना लिहिले आहे, आत अरवा आहे, बंदरावर चालला आहे. एवढे बोलून त्याने फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. अशी नेमकी खबर देणारा बहुधा त्याच धंद्यातला असतो, हा माझा अनुभव. शेजाऱ्याच्या मिलचे चाक फिरताना ज्याच्या पोटात दुखते, तोच फोन करतो. पण खबर कोणत्या पोटातून आली हे पाहणे पोलिसाचे काम नाही. खरी की खोटी, एवढेच पाहायचे.

दोन पंच घेऊन आम्ही निघालो. ट्रक होता. चालक खाटेवर जेवत होता आणि त्याला खरोखरच काही माहीत नव्हते. कागदपत्रे चोख. बीजक, वाहतुकीचे कागद, सगळीकडे उसना. मी एक कट्टा उघडायला लावला, वरचा तांदूळ पिवळसर निघाला. झाले, म्हटले, खोटी खबर. पण हवालदारांनी बाजूने परखी खुपसली. परखी म्हणजे कट्टा न उघडता आतला दाणा काढायची लोखंडी नळी. तिच्यातून पांढरे दाणे आले. त्यांनी दोन दाणे दाताखाली धरले आणि माझ्याकडे पाहिले.

"साहेब, हा उसना नाही. हा माह्या घरी रोज शिजते."

वरती चार बोटे उसना आणि खाली सगळा अरवा. पंचनामा केला, नमुने सीलबंद केले, ट्रक ठाण्यात आणून लावला. तहसीलच्या पुरवठा निरीक्षकाने फिर्याद दिली, सीमाशुल्क विभागाला पत्र गेले. फसवणूक आणि खोटे दस्तऐवज, अशा कलमांखाली गुन्हा नोंदवला.

मिलमालकाला बोलावले. शेठ गोड बोलणारा. आल्या आल्या म्हणाला, "साहब, लेबर की गलती है. मैं तो दो दिन से नागपूर में था." त्याचा जबाब घेत होतो तेवढ्यात ठाण्याच्या फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. साठीला टेकलेला, खांद्यावर गमछा, हमालीने मानेवर घट्टा पडलेला. मिलमधल्या हमालांचा मुकादम. त्याला कोणी बोलावले नव्हते.

"चूक माही हाये जी," तो म्हणाला. "गोदामात दोन थप्प्या लागून होत्या. मीच चुकून अरव्याची थप्पी भरवली."

"आणि वरचा चार बोटे उसना? तोही चुकून?"

त्याने मान खाली घातली. "थोडे कट्टे मिसळले असतील जी."

दोन दिवस मी त्याची चौकशी केली. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बाजूने तेच प्रश्न. खोटे बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, तपशील वाढवतो, शपथा घेतो. हा तसे काही करत नव्हता. "चूक माही" या दोन शब्दांपलीकडे गेलाच नाही. तो शेठला वाचवतो आहे हे मला दिसत होते, पण दिसणे आणि सिद्ध होणे यात पुष्कळ अंतर असते.

खरे सांगायचे तर मलाही ते दोन शब्द पुरले असते. एका ट्रकपुरती चूक ठरली असती तर शेठने दंड भरला असता, मुकादम जामिनावर घरी गेला असता आणि मिल चालू राहिली असती. त्या मिलवर पन्नासेक घरे जेवत होती. फाटकासमोरचा चहावाला, पंक्चरवाला, धान वाळवणाऱ्या बाया, सगळे. पण हेच काम अनेक दिवस ठरवून चालले असेल, तर मिलला सील लागणार आणि मुकादम कटातला आरोपी होणार. मी मनात म्हणत होतो, चूक असू दे रे बाबा. पोलिसाने असे म्हणू नये. पण म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी मुकादमाच्या घराची झडती घ्यायला गेलो. मी, हवालदार, एक महिला शिपाई आणि दोन पंच. महामार्गापासून आत, तळ्याच्या पाळीखाली त्याचे गाव. दोन खोल्यांचे कौलारू घर, अंगण सारवलेले. घरात त्याची बायको एकटी. तीही त्याच मिलमध्ये जात असे. उसन्याचे कट्टे जिथे भरतात आणि शिवतात, त्या शेडची झाडलोट तिच्याकडे. अरव्याची शेड वेगळी, तिथे दुसऱ्या बाया.

घरात काय सापडणार? एक पेटी, दोन गोधड्या, देवाचे फोटो, मुकादमाचा मोबाइल. झडतीचा कागद लिहून होईपर्यंत दुपारचा एक वाजला. आम्ही उठलो तशी ती दारात आडवी उभी राहिली.

"जेवनाची येळ झाली. तशेच काऊन जाता जी?"

"नको बाई, आम्ही कामावर आहोत."

"कामावर असले तर भूक नाही लागत का? माहा मानूस तुमच्या अथी हाये. त्याले तुमी जेवाले देता ना? मंग तुमी माह्या घरून उपाशी जाल का?"

मी बसलो. तिने कोपऱ्यातला तो डबा ओढला, वाटीने तांदूळ काढू लागली. पाच माणसांना पुरेना म्हणून तिने डबाच उचलला आणि सुपात उपडा केला.

वरचा तांदूळ पांढराशुभ्र पडला. मग त्याच्यावर, डब्याच्या तळाचा, पिवळा.

"हा खालचा जुना हाये," ती ओशाळून म्हणाली आणि बोटांनी पिवळा बाजूला सारू लागली. "तुमाले नाही आवडनार. उसना हाये ना. आमाले बी नाही आवडत, पन झाडनीचा हाये, फेकता कसा येते?"

झाडणीचा म्हणजे काय ते मला माहीत नव्हते. मी विचारले. तिने सांगितले, कट्टे भरताना खाली सांडतो तो तांदूळ झाडणारीचा. संध्याकाळी झाडून, पाखडून घरी न्यायचा. शेठच्या बापाच्या काळापासूनची रीत. पगार कमी, पण झाडणी हक्काची. ती रोज आणते आणि या डब्यात टाकते.

"आणि हा पांढरा?"

"तो बी झाडनीचाच जी. आता लय दिवसांपासून पांढराच सांडते. ते बंदी-बंदी म्हनत होते ना, तवापासून." ती हसली. "कट्टे तेच, उसन्याचे. पन झाडनी पांढरी. मी म्हनलं, देवानंच दिला. दोगं बी चवीनं खाऊन राहिलो."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. ते धानकऱ्याच्या घरचे, त्यांना माझ्या आधी कळले होते. त्या डब्यात दिवसावर दिवस साचले होते. तळाला बंदीच्या आधीचे, पिवळे. वर बंदीनंतरचे, सगळे पांढरे, वीतभर. एका ट्रकची चूक वीतभर साचत नाही.

आता मी जे केले ते लिहितो. आजवर मी हे कोणाला सांगितले नाही. मी तिथेच तिला थांबवायला हवे होते. बाई, हा तांदूळ शिजवू नका, हा पुरावा आहे, असे सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. तिने पांढरा निवडून घेतला, धुतला, चुलीवर ठेवला. वरण केले, लाखोरीच्या डाळीचे. आम्हाला ओळीने पाट मांडले. भात मऊ, गरम, आणि मी त्या दिवशी दोनदा मागून घेतला. हात धुतले. आणि मग पंचांना म्हणालो, या डब्याचा पंचनामा करायचा आहे.

ती घाबरली. तिला वाटले, आम्ही तिला चोर ठरवतो आहोत. "झाडनी चोरी नाही जी! शेठले विचारा. सगळ्याच बाया नेतात!" महिला शिपाई तिची समजूत घालत होती. मी उरलेला तांदूळ दोन पुड्यांत सील केला, पिवळा वेगळा, पांढरा वेगळा, आणि डबा मुद्देमालात घेतला. तिने विचारले, डबा कधी भेटेल? मी म्हणालो, काम झाले की.

ठाण्यात आल्यावर डबा टेबलावर ठेवला आणि मुकादमाला बोलावले. एकही प्रश्न विचारावा लागला नाही. तो दारातच थबकला. बराच वेळ त्या चेपलेल्या कोपऱ्याकडे पाहत राहिला.

"तिनं तुमाले जेवाले बसवलं का जी?" त्याने विचारले.

मी हो म्हणालो. तो खाली बसला आणि रडला. एवढा मोठा माणूस, मानेवर घट्टा पडेपर्यंत ओझी वाहिलेला, लहान मुलासारखा रडला. मग सगळे सांगितले. बंदी आल्यावर शेठने हमालांना गोळा केले होते. बाहेरचा गिऱ्हाईक पांढराच मागतो, पैसे आधीच घेतले आहेत, माल गेला नाही तर एक पाळी बंद, बाया घरी. नाव उसन्याचे टाकू, वरती उसना पसरू, बंदरावर कोण खाली पाहतो? मुकादमाने एकदा नाही म्हटले होते. शेठने विचारले होते, मग कोणत्या बायांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगू, ते तूच सांग.

"मी कोनाचं नाव घेनार होतो जी? सगळ्या माह्याच गावच्या." तो म्हणाला. "बाकी का लागते ते लिहा. कुठं सही करू तेही सांगा. पन एक करा. तिले सांगू नका, का तिच्या डब्यानं झालं म्हनून. ती जेवन सोडून देईल."

मी शब्द दिला.

शेठला पुन्हा बसवले. डबा पाहून त्याचा गोडवा गेला. "साहब, मैंने कोई गांजा भेजा क्या? चावल भेजा, चावल! बाहर दस जन माँग रहे, यहाँ एक. कल तक जिस काम के लिए हार पहनाते थे, आज उसी काम की हथकड़ी?" मी म्हणालो, शेठजी, तुमच्या कट्ट्यावर खोटे लिहिले होते, ते मी लिहिले नव्हते. पण मी त्या दिवशी जिंकल्यासारखा घरी गेलो नाही.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. मिलला सील लागले. शेठ काही दिवसांत जामिनावर सुटला, त्याला वकील होते. मुकादम भंडाऱ्याच्या जेलात कित्येक महिने राहिला, कारण त्याचा जामीन घ्यायला कोणी नव्हते. फाटकासमोरच्या चहावाल्याने आधी बाक काढले, मग टपरी. मिलमधल्या बाया सकाळी महामार्गावर उभ्या राहून मिळेल त्या टेम्पोने मजुरीला जाऊ लागल्या. एकदा माझी जीप दिसली तर त्यांनी तोंडे फिरवली. त्या दिवसांत बाजारात तांदूळ स्वस्तच होता. त्यांना तो विकत घ्यावा लागत होता, आणि घ्यायला मजुरी नव्हती.

पुढे ती बंदी उठली. तोच पांढरा तांदूळ उघडपणे, स्वतःच्या नावाने बंदराकडे जाऊ लागला. ती मिल दुसऱ्या कोणी घेतली. आता तिथे यंत्र कट्टे भरते, यंत्रच शिवते, खाली फारसे सांडत नाही. शेठ दुसऱ्या नावाने धंद्यात आहे, आणि चांगला आहे म्हणतात. माझी बायको किराणा आणते आणि कुरकुरते, तांदूळ पुन्हा चढला म्हणून. मी काही बोलत नाही. हवालदार असते तर बोलले असते, पण तेही निवृत्त होऊन गावी शेती पाहतात.

बंदी बरोबर होती की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. शहरातल्या रोजंदारीवाल्याच्या ताटात तेव्हा भात टिकला, हे खरे. निर्यातीची दारे उघडी असताना त्या मिलमध्ये दोन पाळ्या चालत, हेही खरे. एवढे मात्र मला कळले, की कायदा बदलला तरी गुन्हा मागे जात नाही. मुकादमाची तारीख अजून चालू आहे. तो आता सीमेपलीकडे, रायपूरकडच्या मिलमध्ये ओझी उचलतो आणि तारखेला येऊन जातो.

गेल्या वर्षी मी त्याच्या गावी गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. ती अंगणात होती. केस पांढरे झालेले. मला ओळखायला थोडा वेळ लागला, मग म्हणाली, "बसा जी." मी बसलो. तिने माझ्या मुलांबाळांची विचारपूस केली.

"आता तर पांढरा जाते म्हनतात, बोटीनं," ती म्हणाली. "सरकारच पाठवते. मंग याची तारीख कायले चालू हाये?"

मी म्हणालो, त्या वेळी कायदा होता, बाई.

"अन् माहा डबा?"

"कोर्टात आहे. निकाल लागला की मिळेल."

मग ती माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "एक सांगा जी. लय दिवसांपासून मनात हाये. तवा तुमाले कोनं सांगितलं होतं? याले विचारलं तर हा तोंड नाही उघडत."

"फोन आला होता," मी म्हणालो. "नाव नाही सांगितले त्याने."

"ज्यानं कोनं सांगितलं," ती शांतपणे म्हणाली, "त्याच्या घरी कवाच चूल नको पेटाले."

मी उठू लागलो. ऊन डोक्यावर आले होते, भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला आला होता.

"जेवनाची येळ झाली," ती म्हणाली. "तशेच काऊन जाता?"

तिने कोपऱ्यातून प्लास्टिकची पिशवी काढली, दुकानातून आणलेली, वर गाठ मारलेली. तांदूळ मुठीने मोजून काढला, पुन्हा गाठ मारली. भात झाला, तिने ताट वाढले आणि समोर बसली. मी मान खाली घालून जेवलो. ताटातला भात संपत आला तशी तिने न विचारताच आणखी वाढला, आणि मला नको म्हणता आले नाही.